निजामाच्या नावाचं विमान जर्मनीवर बॉम्ब टाकत होतं, आणि त्या युद्धाचं बिल नांदेड-लातूरपर्यंत आलं होतं

लंडनमध्ये हेंडन नावाचा भाग आहे. तिथं ब्रिटिश हवाई दलाचं संग्रहालय आहे. त्यात लाकूड आणि कापडाचं, एकावर एक दोन पंख असलेलं एक जुनं विमान ठेवलंय. त्याचं नाव डीएच ९ए. त्याच्या अंगावर इंग्रजीत लिहिलंय की, हे विमान हैदराबादच्या निजामाने भेट दिलेलं आहे.

१९१८ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये अशी विमानं फ्रान्समधून उडायची आणि जर्मनीतल्या शहरांवर बॉम्ब टाकून परत यायची. म्हणजे ज्यांचं नशीब चांगलं ती परत यायची.

आता तुम्ही म्हणाल, निजामाने विमान दिलं, ब्रिटिशांनी उडवलं, बॉम्ब जर्मनांवर पडले. यात आपल्या नांदेड-लातूरचा संबंध आला कुठून?

तर संबंध असा की, तेव्हा नांदेड हा निजामाच्या राज्यातला जिल्हा होता. लातूर हे उस्मानाबाद म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव होतं. उदगीर, निलंगा आणि अहमदपूर तर बिदर जिल्ह्यात होते. राज्याच्या उत्पन्नाचा मोठा आधार होता शेतसारा. त्यामुळे निजामाच्या तिजोरीतून जे काही युद्धासाठी गेलं, त्यात गोदावरी आणि मांजरेच्या काठच्या काळ्या रानातली ज्वारी होती, कापूसही होता.

पहिलं महायुद्ध म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर युरोपातले खंदक येतात. मराठवाड्याचा त्यात उल्लेख नसतो. पण या युद्धाने इथली नाणी बदलली, इथली माणसं नेली आणि इथल्या राज्यकर्त्याचं नशीबही फिरवलं. ते कसं, ते बघू.

हे युद्ध आधीच्या युद्धांपेक्षा वेगळं का होतं?

आधीच्या काळात सैन्य निघायचं, लढाई व्हायची, कुणीतरी जिंकायचं. लढाईच्या वाटेवरची गावं उजाड व्हायची, पण पन्नास कोस लांबच्या गावाला कधीकधी पत्ताही नसायचा.

१९१४ ला सुरू झालेलं युद्ध हे कारखान्यांचं युद्ध होतं. तोफगोळे लाखांच्या हिशोबात बनत होते. सैनिक रेल्वेच्या वेळापत्रकाप्रमाणे आघाडीवर पोचत होते. २२ एप्रिल १९१५ ला बेल्जियममधल्या ईप्र इथं जर्मनांनी क्लोरीन वायू सोडला आणि रसायनाचे कारखानेसुद्धा लढाईत उतरले.

अशा युद्धाला शूर शिपाई पुरत नाहीत. त्याला गहू लागतो, ताग लागतो, कापूस आणि कातडी लागतात, रूळ लागतात, चांदी लागते. आणि हे सगळं जिथून मिळेल तिथून ओढून घ्यावं लागतं.

निजामाच्या विमानाचंच उदाहरण घ्या. विमानाचा सांगाडा इंग्लंडमधला, त्यातलं लिबर्टी इंजिन अमेरिकेतलं, पैसा दख्खनचा आणि बॉम्ब पडणार जर्मनीत. एका विमानात तीन खंड आले.

भारताचा वाटाही लहान नव्हता. १३ लाखांहून जास्त भारतीय सैनिक आणि मजूर या युद्धासाठी समुद्रापार गेले. त्यातले सुमारे ७४ हजार परत आले नाहीत. १९१७ मध्ये भारत सरकारने ब्रिटनला १० कोटी पौंडांची ‘भेट’ दिली. भेट दिली सरकारने, फेडली करदात्यांनी.

साताऱ्याने माणसं दिली, निजामाने पैसा दिला

मराठी मुलखाचा या युद्धातला वाटा सगळीकडे सारखा नव्हता.

सातारा, रत्नागिरी हा इंग्रजांचा थेट मुलूख. तिथं फौजेत भरती जोरात चालायची. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावातले ४६ जण या एका युद्धात गेले. गावाला आजही ‘अपशिंगे मिलिटरी’ म्हणतात. आजच्या इराकमधल्या कूत शहरात ब्रिटिश-भारतीय फौज १४७ दिवस वेढ्यात अडकली आणि २९ एप्रिल १९१६ ला तिला शरण जावं लागलं. त्या फौजेत १०३, ११० आणि ११७ या क्रमांकांच्या तीन मराठा पलटणी होत्या.

मराठवाडा मात्र निजामाच्या ताब्यात होता. इथून मुख्यतः गेला तो पैसा, आणि सोबत निजामाचं घोडदळ.

तेव्हा गादीवर होते सातवे निजाम मीर उस्मान अली खान. नोव्हेंबर १९१४ मध्ये तुर्कस्तान जर्मनीच्या बाजूने युद्धात उतरलं तेव्हा इंग्रजांना घाम फुटला. कारण तुर्कस्तानचा सुलतान हा खलिफा होता, आणि त्याने इंग्रजांविरुद्ध धर्मयुद्धाची हाक दिली होती. इंग्रजांच्या फौजेत मुसलमान सैनिक मोठ्या संख्येने होते. अशा वेळी भारतातल्या सर्वांत मोठ्या मुस्लिम संस्थानिकाने जाहीर केलं की, मुसलमानांनी इंग्रजांशी एकनिष्ठ राहावं. इंग्रजांसाठी हा शब्द एखाद्या पलटणीपेक्षा मोलाचा होता.

निजामाचे लान्सर्स म्हणजे भालाईत घोडेस्वार इजिप्तला गेले. दिल्लीतला तीन मूर्ती चौक तुम्ही पाहिला असेल. त्या तीन मूर्ती हैदराबाद, जोधपूर आणि म्हैसूर या तीन संस्थानांच्या घोडेस्वारांच्या आहेत. २३ सप्टेंबर १९१८ ला हैफा शहर जिंकणारी धडक मारली ती जोधपूर आणि म्हैसूरच्या स्वारांनी. हैदराबादची तुकडी त्याच ब्रिगेडमधली होती. २०१८ मध्ये या चौकाला ‘तीन मूर्ती हैफा चौक’ असं नाव मिळालं.

विमान निजामाचं, पॅराशूट लातूरच्या रेल्वेवाल्याचं

आता परत विमानाकडे येऊ.

ब्रिटिश हवाई दलाच्या ११० क्रमांकाच्या स्क्वाड्रनला निजामाने विमानं दिली. म्हणून तिचं नावच ‘हैदराबाद स्क्वाड्रन’ पडलं. १९१८ च्या सप्टेंबरमध्ये ती फ्रान्समधून लढाईत उतरली. तिचं काम होतं दिवसाढवळ्या जर्मनीत खोलवर जायचं आणि कारखाने, रेल्वे स्टेशनं, विमानतळ यांच्यावर बॉम्ब टाकायचे. मॅनहाइम, फ्रँकफर्ट या शहरांवर तिने हल्ले केले. २१ ऑक्टोबरला एकाच मोहिमेत तिची सात विमानं परत आली नाहीत.

विमानाला गोळी लागली की आत बसलेल्यांनी काय करायचं? काहीच नाही. कारण या युद्धात ब्रिटिश वैमानिकांना पॅराशूट देतच नव्हते. त्याचं वजन जास्त, विमानात जागा कमी, अशी कारणं दिली जायची. पॅराशूट असलं तर वैमानिक लढायचं सोडून उडी मारतील, अशी भीती साहेबांना होती असंही सांगितलं जातं.

आणि गंमत बघा, पॅराशूट तयार होतं. त्याचं नाव ‘गार्डियन एंजल’. ते बनवणारा माणूस होता एव्हरार्ड कॅलथ्रॉप. लातूर-बार्शीकडच्या जुन्या लोकांना त्याचं काम नक्की माहिती असेल, नाव माहिती नसेल.

कॅलथ्रॉप म्हणजे बार्शी लाईट रेल्वेचा जनक. अडीच फूट रुंदीच्या रुळांवरची त्याची छोटी गाडी १८९७ मध्ये कुर्डुवाडी ते बार्शी धावली. १९११ मध्ये ती लातूरला पोचली. तोवर लातूरचा माल बैलगाडीने बाहेर जायचा. रेल्वे आली आणि लातूरच्या बाजाराला मुंबईची वाट मिळाली. आज लातूरची बाजारपेठ एवढी मोठी आहे, त्यात या छोट्या गाडीचा वाटा मोठा आहे.

१९१० मध्ये कॅलथ्रॉपचा मित्र चार्ल्स रोल्स, म्हणजे रोल्स-रॉईसमधला रोल्स, विमान अपघातात गेला. त्यानंतर कॅलथ्रॉप पॅराशूटच्या मागे लागला. त्याचं पॅराशूट युद्धाच्या शेवटी इटलीत शत्रूच्या मुलखात हेर उतरवायला वापरलं गेलं. विमान चालवणाऱ्यांना मात्र ते वेळेत मिळालं नाही.

मराठवाड्याच्या साऱ्यातून गेलेल्या पैशाचं विमान, आणि लातूरला रेल्वे आणणाऱ्या माणसाचं पॅराशूट. दोन्ही एकाच युद्धात होती, पण एकमेकांच्या उपयोगी पडली नाहीत. यंत्रं बनवायची घाई होती. ती चालवणारी माणसं वाचवायची तेवढी घाई नव्हती.

चांदी संपली आणि कागदाचा रुपया आला

विमान आणि घोडदळ लांब गेलं. पण युद्धाचा एक परिणाम थेट नांदेड-लातूरच्या बाजारात उतरला. तो म्हणजे नोट.

तोवर रुपया म्हणजे चांदीचं नाणं. निजामाच्या राज्यात ‘हाली सिक्का’ चालायचा, तोही चांदीचाच. खेड्यातला शेतकरी कापूस विकायचा आणि रुपया दगडावर वाजवून बघायचा. खणखणला तर खरा.

युद्धात ब्रिटनने भारतातून प्रचंड माल उचलला. त्याचे पैसे इथं रुपयात द्यायचे, म्हणजे तेवढी नाणी पाडायची, म्हणजे तेवढी चांदी लागणार. जगभर चांदीची मागणी वाढली आणि भाव भडकला. नाण्यातली चांदी रुपयापेक्षा महाग व्हायला लागली की लोक नाणं खर्च करत नाहीत. पुरून ठेवतात, नाहीतर वितळवतात. बाजारातून नाणी गायब व्हायला लागली.

३० नोव्हेंबर १९१७ ला इंग्रज सरकारने भारतात पहिल्यांदा एक रुपयाची कागदी नोट काढली. १९१८ मध्ये अमेरिकेने कायदा करून आपल्या तिजोरीतली जवळपास २० कोटी औंस चांदी भारतासाठी विकायला काढली, इतकी टंचाई होती. त्याच वर्षी हैदराबाद संस्थानाने कागदी चलनाचा कायदा केला आणि स्वतःच्या नोटा काढल्या. त्या नोटांवर उर्दूसोबत मराठी, तेलुगू आणि कन्नडमध्येही किंमत लिहिलेली असायची.

म्हणजे आपल्या भागात कागदी रुपया आला तो काही प्रगती झाली म्हणून नाही. युरोपातल्या लढाईने चांदी खाल्ली म्हणून आला. आज आपण मोबाईलवरून पैसे पाठवतो आणि समोरचा ते मान्य करतो. वाजवून न बघता पैशावर विश्वास ठेवायची सवय आपल्या पणजोबांना अशी नाइलाजाने लागली.

मानमोडी

सगळ्यात मोठं बिल मात्र पैशात नव्हतं.

जून १९१८ मध्ये मुंबई बंदरात एक ताप उतरला. सैनिकांच्या जहाजांसोबत तो आला असं मानलं जातं. हा तो जगभर गाजलेला इन्फ्लुएंझा. आपल्याकडे त्याला ‘मानमोडी’ म्हणायचे. पहिली लाट सौम्य होती. सप्टेंबर-ऑक्टोबरमधली दुसरी लाट भयानक होती. म्हातारी आणि लहान मुलं यात गेलीच, पण धडधाकट, कमावत्या वयाची माणसं दोन-चार दिवसांत जायची. त्यामुळे मागे राहिलेल्या घराचा कणाच मोडायचा.

हा ताप युद्धाने जन्माला घातला असं म्हणता येणार नाही. पण त्याला जगभर फिरवलं ते युद्धाने. छावण्यांत खचाखच भरलेले सैनिक, त्यांची जहाजं, त्यांच्या आगगाड्या, आणि युद्धाच्या बातम्यांवर सेन्सॉरशिप असल्यामुळे दाबून ठेवलेल्या साथीच्या बातम्या. भारतात ही साथ रेल्वेच्या वाटेने आत शिरली. मनमाडहून जालना, परभणी, नांदेडवरून सिकंदराबादला जाणारी मीटरगेज आणि लातूरची छोटी गाडी, या दोन्ही वाटा तोवर सुरू झालेल्या होत्या. ज्या वाटेने कापूस मुंबईकडे जायचा, त्याच वाटेने मुंबईची माणसं गावाकडे यायची.

त्यातच १९१८ चा पावसाळा दगा देऊन गेला. धान्य महाग, चारा नाही, कापड महाग आणि घरात ताप.

आता हे आकडे बघा. १९०१ ते १९११ या दहा वर्षांत हैदराबाद संस्थानाची लोकसंख्या २२ लाखांहून जास्त वाढली होती. १९११ मध्ये ती १ कोटी ३३ लाख ७४ हजार होती. १९२१ च्या खानेसुमारीत ती निघाली १ कोटी २४ लाख ७१ हजार. वाढ तर सोडाच, ९ लाख माणसं कमी. यात प्लेग आणि दुष्काळही आहेत, पण सर्वांत मोठा घाव मानमोडीचा. खानेसुमारी सुरू झाल्यापासून आजवर भारताची लोकसंख्या ज्या एकाच दशकात घटली, ते हेच दशक.

साधारण अंदाजाप्रमाणे या साथीत एकट्या भारतात किमान १ कोटी २० लाख माणसं गेली. युद्धात सगळ्या देशांचे मिळून जेवढे सैनिक मेले, त्याहून हा आकडा मोठा आहे. सैनिकांची नावं दिल्लीच्या इंडिया गेटवर आणि फ्रान्समधल्या नव्ह शापेलच्या स्मारकावर कोरलेली आहेत. मानमोडीत गेलेल्यांची नावं कुठेच कोरलेली नाहीत.

निजामाला काय मिळालं?

एवढं सगळं देऊन निजामाच्या पदरात काय पडलं? दोन किताब. १९१८ मध्ये त्याला ‘हिज एक्झॉल्टेड हायनेस’ आणि ‘ब्रिटिश सरकारचा एकनिष्ठ दोस्त’ असं म्हणायला सुरुवात झाली. बाकीचे संस्थानिक नुसते ‘हायनेस’, हा एकटा ‘एक्झॉल्टेड’.

त्याला हवं होतं ते वेगळंच. इंग्रजांनी १८५३ मध्ये वऱ्हाड हैदराबादकडून आपल्या कारभारात घेतला होता आणि १९०२ मध्ये कायमचा भाडेपट्टा लिहून घेतला होता. युद्धानंतर १९२३ मध्ये निजामाने वऱ्हाड परत मागितला. आपण इंग्रजांच्या बरोबरीचे आहोत अशा सुरात मागितला. २७ मार्च १९२६ ला व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंगने उत्तर पाठवलं. त्याचा मथितार्थ एवढाच की, भारतात इंग्रजांची सत्ता सर्वोच्च आहे आणि कुठलाही संस्थानिक तिच्या बरोबरीने बोलू शकत नाही. दोस्ती युद्धापुरती होती.

दुसरा परिणाम आणखी लांबून आला. युद्ध हरल्यावर तुर्की साम्राज्य मोडलं. मार्च १९२४ मध्ये खिलाफत बरखास्त झाली आणि शेवटचा खलिफा फ्रान्समध्ये जाऊन राहिला. त्याचा खर्च चालवायला निजाम पैसे पाठवू लागला. १९३१ मध्ये त्या खलिफाची मुलगी दुर्रूशेहवार निजामाच्या थोरल्या मुलाची बायको झाली. ज्या खलिफाच्या फौजेशी लढायला निजामाचे घोडेस्वार गेले होते, त्याच घराण्याशी सोयरीक झाली. यामुळे निजामाची मुस्लिम जगातली प्रतिष्ठा वाढली.

ही वाढलेली प्रतिष्ठा आणि ‘आम्ही इंग्रजांचे दोस्त’ हा समज घेऊन हैदराबाद १९४७ ला उभं होतं. पुढचं मराठवाड्याला सांगायची गरज नाही. स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखालचा मुक्तिसंग्राम आणि १७ सप्टेंबर १९४८ आपण दरवर्षी आठवतो.

युद्ध संपलं, पण बिल कधी संपलं?

युरोपातही ते लवकर संपलं नाही. जर्मन, रशियन, ऑस्ट्रिया-हंगेरीचं आणि तुर्की अशी चार साम्राज्यं कोसळली. जर्मनीवर लादलेल्या नुकसानभरपाईसाठी काढलेल्या कर्जाचा शेवटचा हप्ता फिटला ३ ऑक्टोबर २०१० ला. फ्रान्स आणि बेल्जियमच्या शेतकऱ्यांना आजही नांगरताना न फुटलेले तोफगोळे सापडतात.

आणि ते निजामाचं विमान? ५ ऑक्टोबर १९१८ ला ते जर्मनीत उतरावं लागलं आणि शत्रूच्या हाती पडलं. जर्मनांनी ते बर्लिनच्या संग्रहालयात ठेवलं. दुसऱ्या महायुद्धात बर्लिनवर बॉम्ब पडायला लागले म्हणून तिथला संग्रह पोलंडकडे हलवला, आणि विमान क्राकोवला राहिलं. १९७७ मध्ये एका स्पिटफायर विमानाच्या बदल्यात ते लंडनला आलं. शहरांवर बॉम्ब टाकायला बनवलेल्या विमानाला पुढच्या युद्धातल्या बॉम्बपासून लपवावं लागलं.

हे सगळं आज का वाचायचं?

२०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर हल्ला केला तेव्हा आपल्याकडे सूर्यफुलाच्या तेलाचे भाव चढले, खतं महागली आणि बाजार समितीत सौद्याला उभा असलेला शेतकरी हजारो किलोमीटर लांबच्या लढाईच्या बातम्या बघू लागला. तेव्हा बऱ्याच जणांना वाटलं, ही काय नवीन भानगड.

नवीन काहीच नाही. शंभर वर्षांपूर्वी आपल्या पणजोबांच्या घरात हेच घडलं होतं. फक्त त्यांच्या हातात मोबाईल नव्हता, त्यामुळे ज्वारी का महागली, चांदीचा रुपया कुठं गेला आणि घरातली तरणी माणसं कशाने गेली, हे त्यांना कुणी सांगितलं नाही.

घरात कुणी नव्वदीच्या पुढचं असेल, तर त्यांनी आपल्या आई-वडिलांकडून मानमोडीबद्दल काय ऐकलं होतं, हे एकदा विचारून बघा. नांदेड-लातूरकडचं महायुद्ध तिथंच सापडेल.